फ्लिंटचा मतदार, मुक्काम वऱ्हाड

आमच्या गावात त्या काळी चिखलीबद्दल जेवढी माहिती होती, त्याहून जास्त फ्लिंट नावाच्या गावाबद्दल होती. चिखली बैलगाडीच्या वाटेवर आणि फ्लिंट विलायतेतल्या वेल्स नावाच्या मुलखात, सातासमुद्रापलीकडे. पण चिखलीला कोणी मास्तर मिळाला नव्हता. फ्लिंटला मिळाला होता.

मी पुण्याहून नवा नवा त्या शाळेत गणित शिकवायला आलो, तेव्हा मास्तर इंग्रजी आणि इतिहास शिकवत. अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा कोट, डोक्यावर टोपी, पायांत वहाणा, आणि कोटाच्या खिशात फुटाणे. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत फुटाण्यांची मूठ माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "काय हो पुणेवाले, निवडणूक पाह्यली काय कधी?"

"पाहिली आहे ना."

"मत दिलं?"

"नाही. माझ्या नावावर कुठे घर आहे?"

"मंग काय पाह्यलं? मांडवाच्या बाहेर उभा राहून अक्षता टाकल्या म्हंजे आपलं लग्न झालं काय?"

एवढं बोलून ते फुटाणे खात निघून गेले. मला वाटलं, गृहस्थ निवडणुकांत मुरलेला असणार. पुढे कळलं की मास्तरांनीही जन्मात मत दिलेलं नव्हतं. आमच्या गावात म्युनिसिपल कमिटी होती, मास्तर घरपट्टी भरत, मतदार म्हणून त्यांची नोंदही होती. पण त्यांच्या वॉर्डात कधी मतदानच होत नसे. तिथून दर वेळी रावसाहेब बिनविरोध निवडून येत. सरावाची गाय गोठ्यात शिरावी, तसे ते कमिटीत शिरत.

तर फ्लिंट. बुलढाण्याच्या कुणा गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मास्तर तिथे छत्री घ्यायला गेले होते. छत्री एका कारकुनाने पटकावली आणि मास्तरांच्या पदरात पुस्तकांचा एक गठ्ठा पडला. त्यातली बाकीची पुस्तकं वाळवीने संपवली होती. एकच धड होतं. वाळवीने तेही चाखून पाहिलं होतं आणि कंटाळून सोडून दिलं होतं. ते होतं 'फ्लिंट बरोज' या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास. वाळवीला जे जमलं नाही ते मास्तरांनी केलं. पुस्तक पचवलं.

हा मतदारसंघ म्हणजे एक गाव नव्हे. लहान लहान गावं एका दाव्याला बांधलेली आणि त्या सगळ्यांना मिळून पार्लमेंटात माणूस एकच. फ्लिंट, रुडलान, केरविस, कायरगुर्ली, ओव्हरटन ही जुनी पाच. होलीवेल, मोल्ड, सेंट आसाफ ही मागून जोडलेली तीन. मास्तर ही नावं पावकीच्या पाढ्यासारखी म्हणत आणि 'कायरगुर्ली'वर जरा रेंगाळत. त्यांतलं ओव्हरटन तर बाकीच्या जिल्ह्यापासून तुटलेलं. मधे दुसऱ्याच जिल्ह्याची जमीन.

"असं कसं चालायचं हो त्यांचं?" मी एकदा विचारलं.

"तुमाले काऊन नवल वाटते? आपलं वऱ्हाड पाहा. मालकी निजामाची, कारभार नागपूरचा, अन शिव्या आपल्या. चाललंच ना?"

मास्तरांचा सगळा इंग्रजीचा तास याच आठ गावांत चाले. कर्मणी प्रयोग शिकवायचा तर 'मेंबराला खांद्यावर उचलण्यात आले'. भूतकाळ शिकवायचा तर 'जमीनदाराने कुळांना हाकलले'. पूर्वी तिकडे मत उघड द्यावं लागे. ओट्यावर चढायचं, जमीनदाराच्या देखत नाव घ्यायचं, आणि नाव चुकलं तर घरी जाऊन गाठोडं बांधायचं. पुढे गुप्त मतदान आलं, या ठिकाणी मास्तर टोपी काढत. वर्गही टोप्या काढी. परीक्षेत कुणी अकबराचे वडील औरंगजेब लिहिले, तरी गुप्त मतदान म्हटलं की त्याचा हात आपोआप टोपीकडे जाई.

एकदा इन्स्पेक्टर साहेब आले. खुद्द विलायतेचे, लालबुंद, बरोबर दोन पट्टेवाले. त्यांच्यासाठी शाळेत हातांची एक मोठी खुर्ची होती, एरवी ती फळीवर उलटी ठेवलेली असे. तिच्यावर बसून साहेबांनी एका मुलाला विलायतेतल्या कोणत्याही एका गावाचं नाव विचारलं. लंडन येईल अशी त्यांची अपेक्षा. पोरगं छाती काढून म्हणालं, "कायरगुर्ली!" साहेबांनी मान डोलावली, पट्टेवाल्याकडून आपल्याच जिल्ह्याचा नकाशा मागवला, मेहकरपासून साखरखेर्ड्यापर्यंत बोट फिरवलं आणि हेडमास्तरांना विचारलं, तिथल्या शाळेवर कौलं आहेत की गवत? हेडमास्तर सरकारी माणूस. ते म्हणाले, "गवत, सर." साहेबांनी कायरगुर्लीला कौलं मंजूर करण्याची शिफारस केली असं मास्तर पुढे वर्षानुवर्षं सांगत. शिफारशीचं मला माहीत नाही. गवताचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

या वेडात एक चमत्कारिक गोष्ट होती. मास्तरांना जिंकलेल्यांची नावं नीट आठवत नसत. पडलेल्यांची मात्र तोंडपाठ. कोणत्या साली कोण बिचारा रुडलानच्या चिखलात दारोदार हिंडला आणि पडला, हे ते अशा गळ्याने सांगत, की जणू तो त्यांच्या मावशीचा मुलगा.

"जितला त्याचं नाव दगडावर कोरतात," ते म्हणत. "पडला त्याले कोन पुसते? एकाच्या तरी तोंडी पाह्यजे ना बाप्पा."

त्यांच्या हातून मूलही पडत नसे. नापास पोराच्या उत्तरपत्रिकेवर ते 'थोडक्यात राहिला' असा शेरा देत, मग त्याला शंभरात चार गुण का असेनात. चुकीच्या उत्तरावर फुली मारताना त्यांना यातना होत. त्यांच्या फुलीसारखी फुली मी दुसरीकडे पाहिली नाही. समासाच्या अगदी कोपऱ्यात, तिळाएवढी, माफी मागत बसल्यासारखी. पोरांना ती शोधावी लागे. शाळेतल्या आम्हा बाकीच्यांच्या फुल्या पानभर तलवारी चालवल्यासारख्या असत. मास्तरांचं म्हणणं, "चूक त्याले समजली म्हंजे झालं. शेजारच्याले कायले समजाव?"

मग एके दिवशी घात झाला. खामगावहून आलेल्या एका वकिलाने बोलता बोलता सांगितलं, की फ्लिंट बरोज हा मतदारसंघ केव्हाच मोडीत निघाला, पहिलं महायुद्ध संपलं त्याच साली, आणि ती गावं मोठ्या जिल्ह्याच्या मतदारसंघात घातली. म्हणजे मास्तर कितीतरी वर्षं एका मृताच्या तब्येतीची चौकशी करत होते. मास्तर शांतपणे उठले, घरी गेले आणि दूरच्या नातलगाची वार्ता आल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ करून आले. ओल्या केसांनीच पुढचा तास घेतला.

मी म्हणालो, "मास्तर, वाईट झालं."

"वाईट कायचं? मोठ्या घरी दिली," ते म्हणाले. मग फुटाण्याचं टरफल फुंकत थोड्या वेळाने, "पन पुणेवाले, ज्याची निवडणूक मी पाठ केली तो मतदारसंघ मेला, अन जिथं मत देता येते तिथं निवडणूक होत नाही. मी अस्सा मधात. मराच्या आधी एक डाव मत देऊन पाहाव वाटते हो. एकच."

हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं, पण म्हणून ते थट्टेचं नव्हतं.

रावसाहेबांबद्दल सांगायला हवं. ते गावातले मोठे जमीनदार, कमिटीचे अध्यक्ष आणि आमच्या शाळेच्या मंडळाचेही अध्यक्ष. सरकारने त्यांना किताब दिला होता आणि एक पदक. ते पदक ते झोपतानाही काढत नाहीत असं लोक म्हणत. मी त्यांना फक्त सभांमध्ये झोपलेलं पाहिलं. तेव्हा पदक होतं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांना विरोध झाला नव्हता, एवढीच त्यांची उणीव.

विरोध न होण्याची रीतही ठरलेली. वॉर्डातून कुणी चुकून उमेदवारीचा अर्ज भरलाच, तर अर्ज मागे घेण्याच्या आदल्या दिवशी रावसाहेब आपल्या आमराईत रोडग्यांची पंगत देत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार आणि वांग्याची झणझणीत भाजी. त्या उमेदवाराला रावसाहेब आपल्या शेजारी बसवत, स्वतः आग्रह करत. धमकी नाही, पैसा नाही. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जाऊन अर्ज मागे घेई. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या समोर उभं कसं राहायचं?

त्या वर्षी मास्तरांनी किसन माळ्याला उभं केलं. किसन गावाबाहेरच्या ओढ्याकाठी वांगी, मिरची, मेथी काढी. आठवडी बाजारात भाजीवाले चिखलात बसत. तिथे ओटे बांधून देण्याचं वचन रावसाहेब किसनच्या बापापासून देत आले होते. मास्तर रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन बसत. मीही एकदोनदा गेलो.

"मास्तर, तुमीच काऊन नाही उभे राहत?" किसनने विचारलं.

"मी उभा राह्यलो त मत कोनाले देऊ? सोताले? भला मानूस सोताले मत देत असते काय?"

"मी पडीन ना."

"पडशील त काय झालं? मी तुह्यं नाव तोंडपाठ करीन."

या आश्वासनावर कोणता शहाणा माणूस उभा राहिला असता? पण किसनला चिखलाचा खरोखरच वीट आला होता. त्याने अर्ज भरला.

रावसाहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. कामाच्या एका कागदावर सही हवी होती म्हणून मीही सोबत होतो. रावसाहेब पानाला चुना लावत म्हणाले, "मास्तर, शाळा माही, पगार माह्या मंडळाचा, अन तुम्ही माह्याच अंगावर माळी सोडून राह्यले?"

मला वाटलं, संपली मास्तरांची नोकरी. मास्तर म्हणाले, "रावसाहेब, रागावू नका. फडात एकटाच पहिलवान लंगोट लावून उभा राह्यला, त त्याले नारळ देतात. जोड धरल्याबिगर फेटा नाही भेटत. तुमी इतक्या खेपा निवडून आले, पन आजवर तुमाले एकाही मानसानं मत दिलं नाही."

रावसाहेबांचा चुन्याचा हात थांबला. "एकानंही?"

"एकानंही नाही. इचारा कचेरीत."

रावसाहेबांनी स्वतःच्या पदकाकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "पंगतीले या दोघंही." माझा कागद तसाच राहिला.

पंगतीची वांगी नेहमीप्रमाणे किसनच्याच मळ्यातून गेली. तोच घोटाळा होता. मास्तर त्याला बजावत होते, जाऊ नको, जेवू नको. किसन म्हणे, "बोलावणं आलं अन गेलो नाही, असं आमच्यात नाही होत. अन वांगे माहे, मिरच्या माह्या, कोथिंबीर माही. मालकाचं त्यात काय हाये? आटा, तूप अन मीठ. आट्या-तुपाचं कोनी नाव घेत नाही. राह्यलं मीठ." एवढं बोलून तो वांग्याच्या टोपल्या घेऊन आमराईकडे गेला आणि आचाऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलून आला.

आमराईत सगळा वॉर्ड बसला होता. रावसाहेबांच्या उजव्या हाताला किसन, त्याच्या पलीकडे मास्तर, मग मी. मीठ वाढणारा आला. किसनने पानावर हात आडवा धरला. आचाऱ्याने वेगळ्या गाडग्यातली अळणी भाजी आणि तसेच बाजूला काढलेले दोन रोडगे आणून त्याच्या पानात वाढले. मग किसनने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, तिच्यातून मिठाचे खडे काढले, पानावर चुरले आणि शांतपणे जेवायला लागला.

सगळी पंगत किसनच्या पानाकडे बघू लागली.

"काऊन रे किसना," रावसाहेब म्हणाले, "आमचं मीठ कडू लागते काय तुले?"

"नाही मालक, मीठ गोडच हाये तुमचं. पन उद्या कचेरीत जा लागू नये, म्हून घरून आनलं."

आधी कोण हसलं कोण जाणे. पण नंतर सगळीच आमराई हसली, आणि रावसाहेब सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठ्याने. मास्तर मात्र रावसाहेबांच्या मिठाची भाजी तिसऱ्यांदा घेत होते. मी कोपर मारून म्हणालो, "मास्तर, तुमचं काय?"

"मी कोठं उमेदवार हाओ? मी मतदार. मतदारानं दोघांचंही खाव. फ्लिंटातही असंच होतं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ज मागे घ्यायला कुणी गेलं नाही. आमच्या वॉर्डात मतदान ठरलं.

मतदानाच्या दिवशी मास्तर कोटाला इस्त्री करून आले. लोखंडाच्या इस्त्रीची एक तपकिरी खूण पाठीवर उठली होती, ती त्यांना कुणी सांगितली नाही. मतदान शाळेतच होतं आणि कारकुनीला आम्ही मास्तर लोकच. ज्यांना अक्षर येत नसे, ते अधिकाऱ्याच्या कानात नाव सांगत आणि अधिकारी त्यांच्या वतीने शाईने जाडजूड फुली मारी. लिहिता येणारे पडद्याआड जाऊन स्वतः पेन्सिलीने मारत. मास्तर रांगेत पहिले होते. पण मागून म्हातारी माणसं आली की, "तुम्ही व्हा पुढं," म्हणून ते मागे सरकत. मग तरुणांनाही ते पुढे घालू लागले. माझ्या लक्षात आलं की त्यांना ती रांग संपायला नको आहे. फुटाणे वाटत, प्रत्येकाची चौकशी करत ते दिवसभर शेवटचेच राहिले. रावसाहेब अंगणात एका बाजूला उभे, किसन दुसऱ्या बाजूला. दोघांची नजर मास्तरांवर.

दार लावायच्या आधी मास्तर आत गेले. पडद्याआड पुष्कळ वेळ लागला. अधिकारी खोकला. मास्तर बाहेर आले, कागद पेटीत टाकला आणि टोपी काढली. खोलीत त्यांचे दोन जुने विद्यार्थी होते, त्यांनीही काढली.

मोजणी तिथेच झाली. रावसाहेब जिंकले, चांगले जिंकले. पण किसनलाही कुणाला वाटली नव्हती इतकी मतं पडली. ती ऐकताना रावसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपण निवडून येतो की नाही हे माहीत नव्हतं. एक मत बाद झालं. त्यावर दोन्ही नावांपुढे फुल्या होत्या. "आहे एखादा येडा," असं म्हणून अधिकाऱ्याने ते माझ्याकडे बाजूला ठेवायला दिलं. मी ठेवलं.

मास्तर एवढ्यात इन्स्पेक्टरांची खुर्ची घेऊन आले होते. फ्लिंटात निवडून आलेल्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवत, तसं इथे झालंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. रावसाहेब आधी नको म्हणाले, मग पदक सारखं करून बसले. गडी वजनदार. पहिल्या प्रयत्नात खुर्ची उचलली जाईना. तेव्हा किसन पुढे झाला.

"व्हा बाजूला. पडलो त पडलो, पन मालकाचं वजन त पाहू द्या मले."

पुढचा एक पाय किसनने धरला, दुसरा मास्तरांनी. हलगी वाजत मिरवणूक आठवडी बाजारापर्यंत गेली. तिथे चिखल होता. किसन मुद्दाम त्यातून गेला, की तेवढी एकच वाट होती, हे मला सांगता येणार नाही. खुर्ची एका अंगाला कलली आणि रावसाहेब वरून ओरडले, "किसना, ओटे बांधतो! बांधतो म्हनलं ना! सरळ धर!"

ओटे बांधले गेले. आणि पुढच्या निवडणुकीच्या आधी रावसाहेब स्वतः मास्तरांकडे आले. "मास्तर, जोड पाहा बरं एखादा. बिनविरोधमध्ये ती मजा नाही." मास्तरांनी पाहिला. त्या वेळी रावसाहेब पडले. मास्तरांनी त्यांचं नाव तोंडपाठ केलं.

आपलं मत कोणाला दिलं, हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. बायकोला नाही, मला तर नाहीच. मी विचारलं की ते फक्त टोपी काढत.

मास्तर गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. किसन आला, खांबाला टेकून बसला आणि हळूच मला म्हणाला, "बाकी कोनी दिलं, नाही दिलं, मले ठाऊक नाही. मास्तरांचं मत माहं होतं. ते मले पक्कं ठाऊक हाये."

थोड्या वेळाने रावसाहेब आले. आता काठी घेऊन, पदक न लावता. माझ्याजवळ बसले. म्हणाले, "गाव काही म्हनो. मास्तर माह्यावर माळी घेऊन आले, पन मत त्याहिनं मलेच दिलं. मंग खुर्चीचा पाय धरला असता काय?"

मी दोघांनाही म्हणालो, "हो, खरं आहे."

मी खोटं बोललो नाही. त्या बाद झालेल्या कागदावर मी एकदाच नजर टाकली होती. फुल्या दोन होत्या. पेन्सिलीच्या, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, तिळाएवढ्या. दोघांनाही लागू नयेत अशा.